बसचाची आन् माहं गोडंतेल

आमची चाची सोताच्याच हाताले दटावत जाये. कढईवर तेलाची पळी धरली का तिचे ओठ हालत, "बस. बस रे हाता. बस म्हनलं ना!" मंग हात थांबे. जसा काही तो हात तिचा नाई, शेजारच्या वांड पोट्ट्याचा हाये. पहिल्यांदा जेवाले आलेला मानूस दचकून मांगं पाहे, का ही बाई कोनाशी बोलून राह्यली!

म्हून तिचं नाव पडलं बसचाची. खरं नाव रशीदाबी, पन त्या नावानं कोनी हाक मारली तं तिलेच उशिरा समजे. नवीन मानसाले वाटे का हिचा नवरा एसटीत कंडक्टर असन. दुसऱ्यायले काहून नावं ठेवू, मलेही तसंच वाटलं. पहिल्या दिवशी जेवन झालं, हात धुतला आन् तिले इचारलं, "चाची, पांढरकवड्याची शेवटची बस किती वाजता जाते?" तिनं वरनाचा डाव माह्यावर रोखला. "मी तुले टेसन मास्तर दिसतो काय रे?" पूरी खानावळ हासली. बाकीची मानसं नावानं वळखू येतात, मी तिले बावळटपनानं वळखू आलो, आन् आखरीपर्यंत तीच माही वळख राह्यली.

खानावळ वणीले, जिनिंगच्या गेटासमोर. चाचा जिता होता तवा तिथी त्याचं गॅरेज होतं. तो गेल्यावर चाचीनं त्याच गॅरेजात चूल मांडली. भिंतीवर त्याच्या ग्रीसच्या हाताचे ठसे तसेच होते, चुना माराले आलेल्याले तिनं तेवढी भिंत सोडाले लावली होती. मी मेटाडोर चालवत जाओ. गावोगावचा कापूस भराचा आन् जिनिंगले आनाचा. त्या सालांत कापसाचं काही खरं नव्हतं. आज भाव नाई, उद्या खरेदी बंद, परवा वजनकाटा बंद. गेटासमोर गाड्यायची लाइन लागे ती हालाचं नाव घेत नसे. बायको केळापूरकडं गावाले, मी इकडं लाइनीत. म्हून दोन्ही टाइम जेवन चाचीकडे. शाळेचं म्हनसान तं मी शाळा बाहेरूनच पाह्यली. माह्या गाडीच्या मांगं काय लिहिलं होतं ते मी पाठ केलतं, वाचलं कधीच नाई.

आता आमच्याकडे भाजी कशी झाली हे जिभेनं नाई, डोळ्यानं ठरवतात. रश्श्यावर लाल तेल तरंगलं पाह्यजे, त्याले आमी तर्री म्हनतो. तर्री नसन तं पाहुना ताटावरून उठून जाईन. चाचीच्या भाजीवर तर्री असे, पन अशी का आत्ता दिसली आन् आत्ता गेली. मी रोज कटोरी वाकडी करून शोधत जाओ. "चाची, तर्री कुठी गेली व?"

"तुह्या गाडीच्या मांगं लाइनीत उभी हाये. नंबर आला का येईन."

तरी लोकं तिच्याकडेच जेवत. वांग्याची भाजी, पाटोडीचा रस्सा, तुरीचं वरन, ज्वारीची भाकर. पोट भरे आन् दुपारी स्टेरिंगवर डुलकी येत नसे. हे मले तवा समजलं नाई. मले वाटे मी जात्याच हुशार ड्रायव्हर हाओ.

त्याच सालांत तेलाचं भांडन चालू झालं. आधी आमच्या घरी तेल म्हनजे तेल. बायको वावरात कापसाच्या पराटीच्या कडेनं जवस टाके, करडईच्या दोन ओळी टाके, घानीवरून डबा भरून आला का सालभर पाहनं नाई. मंग वावरात निरी पराटीच पराटी झाली, जवस गेला, करडई गेली, आन् तेल दुकानातून याले लागलं. दुकानातल्या तेलासंग सल्ले फुकट येत.

खानावळीत सल्ल्याचे दोन दुकानदार होते. एक मेश्राम गुरुजी, रिटायर मानूस, एकटेच राहत, पेपर घेऊन जेवाले येत. दुसरा दौलत हमाल, त्याच्या घरी टीव्ही आला होता. गुरुजी वाचून सांगत, "शेंगदाना तेल हृदयाले वाईट." दौलत म्हने, "टीव्हीत तं डॉक्टर म्हनून राह्यला का सूर्यफुलाचंच खा." पुढच्या हप्त्यात गुरुजीच वाचत का शेंगदाना चांगला, सूर्यफूलच जपून खा. मंग करडई आली. मंग सरकी वाईट झाली. आमी सारे सरकीवरच पोट भरनारे, तं दोन दिवस जिनिंगकडे तोंड करून जेवाची लाज वाटली. मंग कोनी शिबिरवाला आला, तो म्हने तेल हेच विष, उकडून खा. मंग सोयाबीन आलं, वावरातही आन् डब्यातही. अंड्याचा पिवळा भाग खाव का फेकाव, तूप बंद का चालू, भात रात्री का दिवसा, सारे गेटासमोर उभे राहून यावर भांडत. कापसाच्या भावावर भांडून काही होत नव्हतं, म्हून असन.

माहं मत काय? जो शेवटी बोलला त्याचं. सकाळी गुरुजी भेटले का मी करडईवाला, संध्याकाळी दौलत भेटला का सूर्यफूलवाला. एका दिवशी दोघंही एका मांगं एक बोलले तं मी कोरडी भाकर खाऊन उठलो.

चाचीनं यावर इलाज काढला. ताट वाढताना ती एकेकाले इचारे, "गुरुजी, तुमाले कोनतं?"

"करडई."

"हाव. दौलत, तुले?"

"सूर्यफूल."

"हाव. तुले रे, मेटाडोर?"

"मले दोन्ही मिळून दे," मी म्हनत जाओ.

ती मान डोलवे, आतमंधी जाये, भांडे वाजवे आन् सारे ताटं घेऊन ये. दोन-तीन महिने मी साऱ्या गेटाले सांगत फिरलो का करडईनं माही छाती मोकळी झाली, सूर्यफुलानं गुडघे हालके झाले. ढेरी उतरली म्हून पट्ट्याले नवीन भोक पाडलं. एका दिवशी गुरुजीले संशय आला. त्यायनं आत डोकावलं आन् म्हनले, "रशीदाबी, पातेलं तं एकच हाये!"

"मंग? तोंडं किती का असंना, चूल एकच हाये."

"आन् आमची करडई?"

"तुमच्या डोक्यात होती, तिथीच ठेवली. हे सरकीचंच हाये सारं. कमी घातलं तं भाजी करपते, जास्त घातलं तं यायच्या तोंडाले तर्रीची चटक लागते. कोनतं तेल चांगलं हे मले नाई समजत, गुरुजी. कुठी बस म्हनाव तेवढं समजते."

गुरुजी हासले. दौलत रागावला, पन जेवला. मी पट्ट्याचं भोक कोनाले दाखवलं नाई.

आता माह्या पायाची गोठ. उजव्या पायाच्या अंगठ्याले जखम झाली. कशानं झाली मले माहीत नाई, कारन दुखतच नव्हती. मी खुश. जखम हाये आन् दुखत नाई, म्हनजे मानूस किती मजबूत! चप्पल रक्तानं भरली तरी मी गेअर टाकून राह्यलो. चाचीनं पाहिलं, म्हनली, "दवाखान्यात जा, नाई तं उद्यापासून ताट बंद." ताटाच्या भेवानं गेलो. डॉक्टरनं रक्त तपासलं, शुगर निघाली. बाहेर मोठी रांग, डॉक्टरची घाई, माहं ध्यान त्याच्या टेबलावरच्या पंख्याकडं. त्यानं गोळ्या लिहून देल्या आन् एका दमात म्हनलं, "गोडतेलकटबंद. पाय जपा. पुढच्या महिन्यात या."

माह्या कानानं ऐकलं, "गोडंतेल कट, बंद."

आता तुमीच सांगा. आमच्याकडे खायच्या तेलाले, त्यातल्या त्यात शेंगदान्याच्या, गोडंतेलच म्हनतात. कट म्हनजे काय तेही मले समजे, डिझेल कट झालं का गाडी बंद. गोडंतेल कट, बंद. यात न समजाले काय हाये? उलट मले डॉक्टरचा अभिमान वाटला, का तेलाचं भांडन येवढे दिवस चालू हाये आन् या मानसानं तीन शब्दात निकाल लावला.

मी जिनिंगच्या गेटावर उभा राहून जाहीर केलं. गुरुजीनं पेपर खाली ठेवला. दौलत म्हने, "म्या म्हनलं नव्हतं, शेंगदाना सोडा, सूर्यफूल खा!" चाचीनं मले दोनदा इचारलं, "नक्की असंच म्हनला? तेलच बंद म्हनला?" मी म्हनलं, "माह्या कानानं ऐकलं, चाची." डॉक्टरच्या शब्दापुढे तिनं काय बोलाव? दुसऱ्या दिवसापासून माही भाजी येगळी. तेल नाई तं फोडनी कशाची देऊ, हा प्रश्न आला. तो मीच सोडवला. डालडा दे म्हनलं. डालडा डब्यात घट्ट राह्यते, वतता येत नाई, म्हनजे ते तेलात मोजाचंच नाई. चाची म्हने, "तुले कोनी वकील काहून नाई केलं रे?"

आन् गोड? गोडाबद्दल डॉक्टर एक शब्द बोलला नव्हता ना! तेल बंद झाल्यानं अशक्तपना आला, असं मले वाटे. म्हून मी टपरीवर चहात साखर वाढवली. लाइनीत उभं राहाचं म्हनजे चहाशिवाय करनार काय? दुपारी गूळ-शेंगदाने. बाजाराच्या दिवशी जिलबी, ती डालड्यातली हाये का, हे हलवायाले इचारून घेत जाओ. इतका पथ्यानं मी जिंदगीत कधी राह्यलो नाई.

चाची मातर दिवसेंदिवस सुकत गेली. मी जेवलो का ती माह्या पायाकडं पाहे. अंगठा काळा पडून राह्यला होता. एका दुपारी मी बाकावर बसून जिलबीचा पुडा सोडत होतो, आन् मले दिसलं का ती समोर येऊन उभी हाये. माह्या अंगठ्यावर माश्या बसल्या होत्या. मले पत्ताच नव्हता. तिनं पदरानं माश्या हाकलल्या. तरी मले काही समजलं नाई. मंग ती खाली बसली, तिनं चुलीजवळची काडी घेतली आन् अंगठ्याले टोचली.

"लागलं?"

"काय लागलं?"

तिचा चेहराच उतरला. ईद सोडली तं खानावळ तिनं कधी बंद ठेवली नव्हती. त्या दिवशी भरल्या टाइमाले तिनं चूल इझवली, टिनाचा दरवाजा ओढला, आन् म्हनली, "गाडी काढ."

"चाची, लाइनीतला नंबर जाईन."

"पाय गेला तं नंबर घेऊन काय करशीन? काढ म्हनलं!"

असा मी सोताच पेशंट आन् सोताच ॲम्बुलन्सचा ड्रायव्हर. मांगं कापूस भरलेला. बाजूले चाची, हातात तसबीची माळ, ओठ हालून राह्यले. सारा रस्ता ती काय म्हनत होती ते मले आयकू आलं नाई, पन येवढं आयकू आलं का मधात मधात ती म्हने, "माह्याच हातचं खाऊन राह्यला होता, अल्ला. माह्याच हातचं."

दवाखान्यात रांग होती. चाची रांगेच्या बाजूनं सरळ आत. डॉक्टर काही म्हनाच्या आधीच ती बोलली, "साहेब, तुमी सांगतलं तसंच केलं मी. याले गोडंतेलाचा थेंब देला नाई. डालड्यात करून देतो. तरी पाय काळा काहून पडून राह्यला? माह्या हातानं काय चुकलं तेवढं सांगा."

डॉक्टरनं पेन ठेवला. "गोडंतेल बंद करा असं कोणी सांगितलं?"

"तुमीच," मी मांगून म्हनलं. "गोडंतेल कट, बंद."

डॉक्टर माह्याकडं पाहत राह्यला. मंग हळूहळू, मास्तर पोराले शिकवते तसा, बोलला, "मी म्हटलं, गोड... तेलकट... बंद."

चाचीनं पदर तोंडाले लावला. खांदे हालाले लागले. मले वाटलं रडते, पाह्यलं तं हासून राह्यली होती, आन् डोळ्यातून पानीही वाहून राह्यलं होतं. डॉक्टरही हासला. मंग म्हनला, "आजी, चूक तुमची नाही. मी एका दमात बोललो, यांनी एका दमात ऐकलं." पन पाय पाह्यला आन् त्याचं हासू गेलं. अंगठा राह्यन का नाई हे आत्ता सांगता येत नाई, म्हने. राह्यला तं नशीब, नाई तं कापा लागन, आन् सडनं वर चढलं तं पाऊलही जाईन.

तवा मले पहिल्यांदा समजलं का ही हासाची गोठ नाई. उजवा पाय. ब्रेकचा पाय.

निघता निघता चाची दरवाज्यात थांबली. "साहेब, आता आलोच हाओ तं येवढं सांगा. आमच्या तिथी रोज भांडनं होतात. तेल कोनतं चांगलं?"

डॉक्टर थकल्यासारखा हासला. "आजी, मलाही दर वर्षी वेगळं वाचायला मिळतं. कोणतंही साधं तेल घ्या, मधूनमधून बदला. डालडा नको. तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. आणि जे घ्याल ते थोडं घ्या."

"थोडं म्हनजे?"

त्यानं बोटानं उलीसं दाखवलं. चाचीनं मान डोलवली, "म्हनजे बस," आन् बाहेर आली.

त्या दिवसापासून माहा कायदा बदलला. बाकीचे लोकं हात धुऊन जेवाले बसत, मी पाय दाखवून. खानावळीच्या दगडी पायरीवर उजवा पाय ठेवाचा. चाची चष्मा लावून वाके, बोटांच्या मधात पाहे, पट्टी पाहे, काडीनं टोचे, "लागलं?" लागलं म्हनलं तं ताट, नाई म्हनलं तं दवाखाना. सारे गिऱ्हाईक पाहत. दौलत म्हने, "नवरी पाह्याले आले काय रे पाहुने?" चाची मान वर न करता म्हने, "नवरी बरी हाये, नवरदेव तेवढा बहिरा हाये." साऱ्या टपऱ्यायले तिनं निरोप धाडला का मेटाडोरवाल्याले साखरेचा चहा देला तं माह्याशी गाठ हाये. हलवाई मले पाह्यलं का परातीवर कपडा टाके. ईदले घरी बलावून साऱ्यायले शीरखुर्मा, मले शेवया बिनसाखरेच्या, त्या खाताना मी असं तोंड केलं का गुरुजीनं सोताची कटोरी लपवून ठेवली.

बरेच दिवस लागले, पन अंगठा राह्यला. उलीसा वाकडा हाये, नखही नाई, पन ब्रेकवर बसते. एका दिवशी काडी टोचल्यावर मी पहिल्यांदा जोरात बोंबललो, "मेलो व माय!" तवा चाचीनं काडी फेकून देली, वर पाह्यलं, आन् आतमंधी जाऊन ताट घेऊन आली. त्या दिवशी भाजीवर तर्री होती. मी तर्रीचं नाव काढलं नाई. बोललो असतो तं परत नेली असती.

पुढं गावोगाव सोयाबीन झालं. जिनिंगची लाइन संपली, मंग गेटच संपलं. राह्यले होते ते कोळशाचे ट्रकवाले, तेही हायवेच्या ढाब्यावर जेवाले लागले. चाचीचे गुडघे गेले. आदिलाबादले देलेली तिची लेक म्हने, आता बस कर, इकडे ये. चाची हासून म्हने, "येवढी जिंदगी मी हाताले बस म्हनलं, आता लेक मले म्हनून राह्यली."

जाच्या दिवशी तिनं आमाले बलावलं, जुन्या जेवनाऱ्यायले. तुपातला शिरा केला होता. काजू, मनुके, सारं. माह्यासमोर ताट ठेवलं आन् म्हनली, "गोड आन् तेलकट. डॉक्टरनं दोन्ही बंद केलं ते दोन्ही हाये. गोळी घेतली ना?"

"घेतली."

"पाय?"

मी पायरीवर पाय ठेवला. गुडघे वाकत नव्हते तरी ती वाकली, पाह्यलं, हातानं अंगठा दाबला. मंग उठली, शिऱ्याचा डाव ताटावर धरला. "आज मी नाई थांबनार. आज बस तू म्हनाचं."

डावातून शिरा पडाले लागला. मी बस म्हनन असं वाटलं होतं. तोंड उघडलं. पन ते दोन अक्षर बाहेर येईना. जिभेचा हट्ट नव्हता तो. मले वाटलं, मी बस म्हनलं का ती डाव ठेवन, दरवाजा ओढन, आन् गाडीत बसन. शिरा पडत राह्यला, ताटात ढीग झाला, दौलत हासाले लागला, "अरे, मरशीन!" गुरुजी चष्मा पुसत होते. चाची माह्याकडं पाहून राह्यली होती. तिले समजलं.

"बस रे हाता," ती हळूच म्हनली. "बस म्हनलं ना."

हात थांबला. त्यातला बोटभर शिरा तिनं माह्यासाठी ठेवला, बाकी दौलतच्या ताटात लोटला.

चाची तिकडंच गेली, आदिलाबादले. माती द्याले पोचलो नाई, निरोपच उशिरा आला. आता मी गावाले राह्यतो, गाडी पोरगा चालवते. टीव्हीवर अजून तेलाचं भांडन चालूच हाये, आता खोबऱ्याचं चांगलं म्हनतात, का वाईट, मी शेवटी बोलनाऱ्याची वाट पाहून राह्यलो. बायकोनं जेवाले हाक मारली का मी आधी ओट्यावर जातो, उजवा पाय पायरीवर ठेवतो, वाकतो, बोटांच्या मधात पाह्यतो, काडीनं टोचतो. बायको आतून इचारते, "लागलं काय?"

"लागलं," मी म्हनतो, आन् जेवाले जातो.